वरच्या थरातले बोर्ड

"बाई, या लेबलावर 'शिसं नाही' असं छापलंय. पण ते खरं आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

प्रश्न विचारून झाल्यावर टकळीने हात मागे बांधले आणि हनुवटी वर केली. पुढे काय करायचं ते ठरलेलंच नव्हतं. पैज फक्त विचारण्याची होती.

पैज लावली होती जिराफने. जिराफ म्हणजे वर्गातली सगळ्यात उंच आणि सगळ्यात आगलावी मुलगी. मधल्या सुट्टीत नळापाशी ती म्हणाली होती, "वक्तृत्वात पहिली आल्यापासून फार वाघीण झालीयेस ना? मग तुमच्या कारखान्यात त्या खडूस तपासणीसबाई येतात, त्यांना विचारून दाखव की लेबल खरं कशावरून. ते तर तूच चिकटवतेस! तुला कोणी विचारलं, शिसं आहे की नाही?" बाकीच्या दोघी फिदीफिदी हसल्या. गेल्या वर्षीची टकळी असती तर मान खाली घालून पाणी पीत राहिली असती. गेल्या वर्षी हजेरीला 'उपस्थित' म्हणतानाही तिचा आवाज फुटत नसे. या वर्षी मात्र जिभेला अशी काही धार चढली होती की तिच्या सख्ख्या आत्यानेच वैतागून तिचं नाव टकळी ठेवलं, आणि ते नाव घरात, शाळेत, गल्लीत सगळीकडे चिकटलं.

तर प्रश्न विचारला गेला.

कारखाना म्हणायचा, पण होत्या घराखालच्या तीन खोल्याच. पहिल्या खोलीत बाबा आणि त्यांचं मशिन. मशिन बारीक भाग आपोआप बसवायचं. दुसऱ्या खोलीत आत्या. मशिनला न झेपणारे जाडजूड भाग ती हाताने सोल्डर करायची, म्हणजे गरम आयर्नने तार वितळवून भागाचा पाय बोर्डावरच्या छोट्याशा तांब्याच्या चौकोनाला जोडायची. त्या चौकोनाला पॅड म्हणतात आणि जोडाला जॉइंट. तिसऱ्या खोलीत गोल दिव्याच्या भिंगाखाली आई एकेक जॉइंट तपासायची, आणि शाळा सुटली की टकळी तपासलेल्या बोर्डांवर हिरवं लेबल लावून खोके भरायची. हे बोर्ड तान्ह्या बाळांचं दूध कोमट ठेवायच्या यंत्रात बसायचे. म्हणून त्यात शिसं अजिबात चालत नसे. जुन्या सोल्डरमध्ये शिसं असायचं, नव्यात नाही. नवं ते लेड-फ्री.

तपासणीसबाई आठवड्यातून एकदा यायच्या. चेहरा असा की उतू जायला आलेलं दूधही त्यांना बघून खाली बसावं. त्यांनी टकळीकडे बघितलं, मग बाबांकडे.

"मला कोणी सांगितलं?" त्या म्हणाल्या. "लेबलाने सांगितलं. आणि वर्षभर मी त्याच्यावर सही करतेय. हे मला नववीतल्या पोरीने विचारावं लागलं."

"तिचं काय मनावर घेता, बाई," बाबा घाईघाईने हसले. "तोंडाला लगाम नाही तिच्या."

"बरंच आहे की ते." बाईंनी पर्समधून एक पाकीट काढलं. त्यात बारीक कांड्या होत्या, टोकाला पिवळं बोंड. "हे जॉइंटवर घासायचं. पिवळंच राहिलं तर ठीक. लाल झालं तर शिसं."

त्यांनी भरलेल्या खोक्यातला सगळ्यात वरचा बोर्ड उचलला. किती सुंदर होता तो! टकळीनेच तो वर ठेवला होता. काही बोर्डांचे जॉइंट आरशासारखे चमकायचे, काहींचे राखाडी, मरगळलेले. ती नेहमी चमकणारे वरच्या थरात रचायची, पाहुण्यांसाठी चांगल्या बश्या पुढे ठेवाव्यात तशी. बाईंनी बोंड घासलं.

लाल.

दुसरा बोर्ड. लाल. तिसरा. लाल. खालच्या थरातला एक राखाडी घेतला, तो पिवळा राहिला. बाबांच्या कपाळावर घाम फुटला. "बोर्डच तसे आले असतील," ते म्हणाले. "पॅडवर जो मुलामा देतात, त्यातच शिसं असेल. आम्ही थोडेच बोर्ड बनवतो?"

बाईंनी सीलबंद पुडक्यातून एक कोरा बोर्ड काढला आणि त्याच्या पॅडवर बोंड घासलं. पिवळं ते पिवळंच.

"उद्या नऊला येते," त्या उठत म्हणाल्या. "शिसं कुठून आलं आणि कोणी घातलं, नावासकट हवंय मला. नाही कळलं तर हा सगळा माल परत, आणि पुढचं काम दुसरीकडे. या कांड्या ठेवते. बाकीचे बोर्ड तुम्हीच घासा." दाराशी थांबून त्यांनी टकळीकडे बोट केलं. "हिला वकील करा."

बाई गेल्या. बाबांनी कोणी घातलं असा प्रश्नच विचारला नाही. ते तडक दुसऱ्या खोलीत गेले आणि आत्याच्या टेबलापुढे उभे राहिले.

"ताई, ड्रॉवर उघड."

"का? तुझी अक्कल ठेवलीय का त्यात?"

आत्या बाबांपेक्षा अकरा वर्षांनी मोठी. बाबांच्या हातात आयर्न पहिल्यांदा दिला तो तिनेच. बोटांची टोकं भाजून भाजून चामड्यासारखी झालेली, चष्मा बाटलीच्या बुडाएवढा जाड, आणि जीभ आयर्नच्या टोकापेक्षा गरम. लेड-फ्री आलं त्या दिवसापासून ती त्याच्या नावाने खडे फोडत होती. 'हे सोल्डर नव्हे, वाळू आहे वाळू' हे वाक्य टकळीने इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतसुद्धा म्हणून दाखवलं असतं.

बाबांनी स्वतःच ड्रॉवर ओढला. चष्म्याच्या रिकाम्या डब्या, सुपारीएवढे काळे पडलेले रबर, आणि सगळ्यात मागे तारेचं एक जुनं रीळ.

"हे काय आहे?"

"रीळ आहे. दिसत नाही?"

"शिशाचं आहे!"

"असेल ना. मी तुला ज्याने शिकवलं ते आहे. लोक भिंतीवर फोटो लावतात, मी रीळ ठेवलंय."

"आणि वापरतेस!" बाबांचा आवाज चिरका झाला. "तुला नवीन जमत नाही, तर तसं सांगायचं होतंस! लहान बाळांच्या वस्तूत शिसं घातलंस, ताई? लाज कशी वाटली नाही?"

आत्याने बाबांच्या खांद्यावरून दारात उभ्या असलेल्या आईकडे बघितलं. आई पदराने भिंगाची काच पुसत होती. काच आधीच लख्ख होती.

"वहिनीबाई, तुम्हाला काही म्हणायचंय?"

"मी काय म्हणणार, वन्सं," आई काचेकडे बघतच म्हणाली. "तुमचं बहीणभावंडांचं आहे."

"बरं."

आत्याने अंगावरचा एप्रन काढला, त्याची चार घड्यांची घडी केली. आपल्या आयर्नचा प्लग उपटला आणि वायर गुंडाळायला लागली.

"अगं, गरम आहे तो अजून," बाबा नकळत बोलून गेले.

"मी पण आहे." तिने आयर्न एप्रनमध्ये गुंडाळून काखेत मारला. जाताजाता टकळीसमोर थांबली. "तुझं तोंड एक दिवस कोणाचा तरी गळा कापणार हे मला ठाऊक होतं, टकळे. पहिला माझाच निघाला."

"शिसं तू घातलंस आणि वाईट माझं तोंड?" टकळी फणकारली. "वा गं वा!"

आत्या काही न बोलता निघून गेली. ती न बोलता गेली याचंच टकळीला जरा चुकल्यासारखं वाटलं. पण जरासंच. कारण खरं सांगायचं तर तिच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तिची चाल, तिचा फ्रॉक, तिचं हसणं, कशाकशाला नावं ठेवली नव्हती आत्याने? बक्षिसाचं प्रमाणपत्र दाखवलं तेव्हा म्हणाली होती, 'बडबडीला बक्षीस देतात? मग तुझ्या आईला अजून कसं नाही मिळालं?' आईचं तोंड त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाकडं होतं. गेली एकदाची!

तिने लगेच जिराफला फोन लावला आणि सगळी हकिगत तिखटमीठ लावून सांगितली. आपल्या एका प्रश्नाने गुन्हेगार पकडला गेला, यावर दोनदा जोर दिला.

"पण पुरावा कुठेय?" जिराफ म्हणाली.

"रीळ सापडलं ना ड्रॉवरमध्ये!"

"आमच्या माळ्यावर कुऱ्हाड आहे. म्हणून काय आम्ही खून केला?"

जिराफचं हे असं असतं. कुठे फुगा दिसला की टाचणी घेऊन हजर. टकळी चिडली, पण खाली गेली. बाबा वरच्या मजल्यावर फोनवर कोणाची तरी मनधरणी करत होते, आई स्वयंपाकघरात होती. टकळीला उद्या बाईंसमोर ठणठणीत पुरावा ठेवायचा होता, असा की आत्याने परत या उंबऱ्यात पाऊल टाकायची हिंमतच करू नये.

आधी तिने रीळ उचललं. तारेचं टोक काळपट, मळकं होतं, जुन्या नाण्यासारखं. टकळीला एवढं माहीत होतं की तार वापरली की टोक वितळून चकचकीत होतं. हे टोक गेल्या कित्येक महिन्यांत आयर्नला शिवलेलं नव्हतं. 'दुसरं रीळ असेल तिच्याकडे,' ती स्वतःशी म्हणाली.

मग स्पंज. प्रत्येक टेबलावर आयर्नचं टोक पुसायला एक ओला स्पंज असतो, त्यावर सोल्डरचे कण साचतात. खोटं बोलायला स्पंजला तोंड नसतं. तिने बाईंची कांडी घेतली आणि आत्याच्या स्पंजवर खसाखसा घासली.

पिवळं.

दुसरी कांडी. स्पंजची दुसरी बाजू. पिवळं. टेबल, ड्रॉवरचा तळ, आत्याचा चिमटा, खुर्चीचा हातसुद्धा. सगळं पिवळं. तिने बाबांच्या मशिनजवळ घासून बघितलं, तेही पिवळं.

पाकिटात दोन कांड्या उरल्या. आईच्या टेबलावरही एक छोटा आयर्न होता, एखादा जॉइंट किंचित डागडुजीला आला तर हाताशी असावा म्हणून. तिथे घासायचं काही कारण नव्हतं. टकळीने घासलं ते निव्वळ काम पुरं करायचं म्हणून, गणिताचं उत्तर आल्यावर आपण ताळा करतो तसं.

बोंड लाल झालं. टाचणी टोचल्यावर बोटावर रक्त येतं तसं, आधी एक ठिपका आणि मग सगळं.

भिंगाच्या मागे सुयांची पत्र्याची डबी होती. तिने ती उघडली. आत सुया नव्हत्या. हातभर लांबीची तार, छान गोल गुंडाळलेली. टोक चकचकीत.

*

आई सिंकपाशी भांडी घासत होती. टकळीने डबी ओट्यावर ठेवली, झाकण उघडं.

आईने डबीकडे बघितलं, पण नळ बंद केला नाही.

"कुठे मिळाली?"

"जिथे तू ठेवलीस तिथे. आई, हे काय आहे?"

"आवाज खाली."

"कशाला? बाबांना माहीत नाही?"

आई हात न पुसताच वळली. हातावरून साबणाचं पाणी फरशीवर गळत होतं. "जॉइंट मेलेले होते," ती दात आवळून म्हणाली. "दोन महिने झाले. राखाडी, दाणेदार, आणि पॅडच्या कोपऱ्यांत तांबं उघडं. रोज असे वीस-वीस. मी काय समजायचं? मला वाटलं वन्सं मुद्दाम सोल्डर कमी देतायत. मी परत पाठवायचे, मग त्यांनी सगळ्यांसमोर म्हणायचं, हिला काय कळतंय जॉइंटमधलं. बावीस वर्षं हेच ऐकतेय. म्हणून नाही पाठवले परत. मीच भरून टाकले."

"जुन्या तारेने?"

"नव्या तारेने कोपऱ्यापर्यंत जातच नव्हतं! कितीही घाला, जिथे ठेवू तिथेच ठोंब्यासारखं बसतं. जुनं कसं लोण्यासारखं पसरतं. थोडंथोडंच घातलं. ट्रंकेतल्या दुरुस्तीच्या सामानात होती तार."

"आणि मी तेच बोर्ड वर रचले," टकळी पुटपुटली. "छान दिसतात म्हणून." मग तिचा आवाज चढला. "आई, आत्या तुझ्याकडे बघत होती. तिने तुला विचारलं, काही म्हणायचंय का. आणि तू काच पुसत बसलीस!"

"हो, बसले. ती मला काय काय बोललीय ते तुला माहीत आहे? तू पाळण्यात होतीस तेव्हा म्हणाली होती, पोरगी आईसारखीच वेंधळी होणार. आता एकदा तिच्या नावावर काही लागलं तर आभाळ कोसळत नाही."

"पण ते तिने केलेलं नाही!"

"मग बाकीचं जे केलंय त्याचं समज." आईने डबी उचलून ओट्याखालच्या खणात टाकली आणि खण पायाने ढकलून बंद केला. "आणि तू आता या घरात तोंड उघडायचं नाहीस. आजच्यापुरतं पुष्कळ झालं."

टकळी चपला घालून बाहेर पडली.

*

आत्या दोन गल्ल्या पलीकडे तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहायची. जिना इतका अरुंद की समोरून कोणी आलं तर एकाने परत खाली उतरायचं. दार उघडंच होतं. आत्या खिडकीपाशी स्टुलावर बसून आयर्नचं टोक ओल्या फडक्याने पुसत होती.

"काय, अर्धा राहिला होता गळा?"

"आत्या, तू नाही घातलंस शिसं."

"अरे वा. बातमी आणली बघा."

"आईने घातलं."

आत्याने फडक्याची घडी पालटली आणि पुसत राहिली. तिला धक्का बसला नाही. टकळी धापा टाकत उभी होती, आणि हळूहळू तिच्या लक्षात आलं.

"तुला माहीत होतं!"

"पहिल्या दिवसापासून. माझे जॉइंट मी ओळखत नाही होय? मी राखाडी सोडते, ते हिच्या टेबलावरून नव्या नवरीसारखे नटून निघतात. काय समजू मी, हवेने चमक आली?"

"पण ते राखाडी का होते? आई म्हणते कोपऱ्यात तांबं दिसत होतं."

"दिसणारच!" आत्याने पहिल्यांदा मान वर केली. या विषयावर गप्प बसणं तिला जमण्यासारखं नव्हतं. "बोर्ड बदललेत. आधी पॅडवर कथिलाचा मुलामा असायचा, सोल्डर त्याच्यावर धावत कडेपर्यंत जायचं. दोन महिन्यांपासून नुसतं तांबं येतंय, त्यावर डोळ्यांना न दिसणारा लेप. त्याच्यावर लेड-फ्री पसरत नाही. कोपरा उघडा राहतो, रंग मेलेला येतो, आणि जॉइंट मात्र दगडासारखा पक्का असतो. तसाच यायला पाहिजे. लिहिलंय कागदात. मी शिव्या घालते त्या सोल्डरला, पण काम कागदाप्रमाणे करते. चाळीस वर्षांत माझा एक जॉइंट सुटलेला नाही."

"कोणता कागद?"

"बोर्डवाल्यांचा. तुझ्या बापाकडे आला होता. त्याने मला वाचून दाखवला. तुझ्या आईला नाही दाखवला. त्या आठवड्यात दोघं पडद्याच्या रंगावरून बोलत नव्हते म्हणे."

टकळीने कपाळाला हात लावला. तिला ते पडदे आठवले. शेवटी कुठलेच आणले नाहीत. "मग तू सांगायचंस आईला!"

"मी?" आत्या हसली, आणि ते हसू काही बरं नव्हतं. "ती तपासणार, मी करणार. मी तिला शिकवायला गेले असते तर म्हणाली असती, वन्सं आपली चूक झाकतायत. म्हटलं भरू दे. पोटभर भरू दे. एक दिवस त्या बाईच्या नजरेला येईल आणि हिची तपासणी चव्हाट्यावर येईल. तेव्हा मी खुर्चीत टेकून बघेन."

"आणि आलं ते तुझ्यावर."

"हो. नेम चुकला."

टकळीला प्रचंड राग आला. मघाशी आईवर आला होता तो राग वेगळा आणि हा वेगळा. हा जास्त थंड होता. "दोन महिने! तू बघत बसलीस, ती भरत बसली, आणि बोर्ड गेले. बाळांच्या उशाशी जातात ते, आत्या. कोणाच्या तरी तान्ह्या बाळाच्या."

आत्याचा हात थांबला. तिने फडकं बघितलं, आयर्न बघितला, खिडकीबाहेर बघितलं.

"उद्या येशील? नऊ वाजता? बाईंना सांगायला?"

"ज्याने घालवलं त्याने यावं बोलवायला. तू कोण?" आणि मग, कडक आवाजातच, "दार ओढून घे जाताना."

टकळीने दार ओढलं. चांगलं धाडकन ओढलं.

*

ती घरी आली तेव्हा आई आणि बाबा जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसले होते. मध्ये ती पत्र्याची डबी होती. म्हणजे आईने सांगितलं होतं. डबीशेजारी एक चुरगळलेला कागद होता, दोन महिन्यांपूर्वीच्या तारखेचा. टकळीने तो उचलून वाचला. 'पॅडच्या कडांना तांबे दिसणे हा दोष नाही.' एवढी एक ओळ. एवढीशी.

"दाखवला का नाहीत?" तिने बाबांना विचारलं.

"राहून गेलं."

"आत्याला दाखवायचं नाही राहून गेलं."

"हे बघ," बाबांनी दोन्ही हात टेबलावर पसरले, समजूत घालताना पसरतात तसे. "आता उगाळून काय उपयोग? बाईंना एक नाव हवंय. एक नाव आपल्याकडे आहे, आणि ते नाव आता आपल्या कारखान्यात नाही. चूक करणारं माणूस काढून टाकलं असं सांगितलं की विषय मिटतो. ताईचं तसंही वय झालंय, डोळे गेलेत. चार दिवसांनी मी जाऊन तिचे पाय धरेन. पण तपासणी करणारीनेच शिसं घातलं असं कळलं तर ती बाई आपल्या दारात परत पाय ठेवेल का? तूच सांग."

"माझ्याकडे काय बघतेस?" आई टकळीवर खेकसली, कारण टकळी तिच्याकडेच बघत होती. "मी सांगितलं ना यांना! लपवलं का?"

"माझ्या हाताला डबी लागल्यावर सांगितलंस."

"अगं, ही काय भाषा!" बाबा गरजले. "आईशी बोलतेयस!"

"आणि गेलेले बोर्ड?" टकळी म्हणाली. "दोन महिन्यांचे? ते कोण परत मागवणार? आत्याचं नाव सांगून ते परत येतात का?"

बाबा डबीचं झाकण उघडत होते आणि लावत होते. उघडत होते आणि लावत होते. आईने ती त्यांच्या हातातून हिसकावून घेतली. एकमेकांवर एवढे चिडलेले आणि तरी एकमेकांचीच बाजू धरलेले आईबाप टकळीने पहिल्यांदाच पाहिले. तिला वाटलं होतं की आता आपल्याला रडू येईल. आलं नाही. तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"मी काय ठरवलंय ते ऐका," ती म्हणाली. "उद्या पहिला तास मी बुडवणार आहे. नऊ वाजता बाई आल्या की दार मी उघडणार आणि त्यांना सगळं सांगणार. बाबांनी कागद खिशात ठेवला ते. आईने जुनी तार घातली ते. आत्याने कळूनसवरून गंमत बघितली ते. आणि मी बोर्ड न तपासता लेबलं चिकटवली आणि नेमके वाईट बोर्ड मखरात बसवल्यासारखे वर ठेवले, तेही. दोन महिन्यांचे बोर्ड परत मागवा, असंही मीच सांगणार. तुम्हाला स्वतःच्या तोंडाने सांगायचं असेल तर साडेआठच्या आत आत्याच्या जिन्यावर जा, दोघंही जा, आणि तिला घेऊन या. मग मी गप्प उभी राहीन. नाही गेलात तर मी बोलणार. आणि माझ्यावर जे काही ओरडायचं असेल ते उद्या नऊनंतर ओरडा, आत्ता मी झोपायला चाललेय."